ड्रॅगनला पाय किती?

(गोहलपूर येथील गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मला मोठ्यांनी दिलेला नाही, मुलांनी दिला आहे. देखाव्याच्या बैठकीत मुलांनी मागणी केली की कालियामर्दन आणि किल्ले दरवर्षी होतात, यंदा ड्रॅगन करा. ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे पडले की ड्रॅगन आपला नव्हे. मुलांचे आपसातही एकमत होईना. अर्धी म्हणत, ड्रॅगनला चार पाय आणि दोन पंख. अर्धी म्हणत, दोनच पाय. शेवटी एकजण म्हणाला, "काका, तुम्ही इंजिनिअर ना, मग तुम्हीच सांगा."

मी डिप्लोमावाला मेकॅनिकल माणूस. निम्मी नोकरी वॅगनखाली वाकून पाहण्यात गेली. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे आधीच सांगतो. पण भार कुठून येतो, कुठे उतरतो, सांधा कुठे वळतो आणि कुठे अडतो, हे प्रश्न जसे बोगीला विचारता येतात तसे हाडालाही विचारता येतात. या निमित्ताने बरेच वाचन झाले, आणि वाचता वाचता मी परदेशातून निघून थेट आपल्या जबलपूरच्या पहाडीवर येऊन पोहोचलो. ते पुढे सांगतोच.

ज्येष्ठांच्या आक्षेपाचे आधी पाहू. आपल्या बाप्पांच्या प्रभावळीकडे जरा निरखून बघा. दोन्ही बाजूंना जे तोंड वासून बसलेले असतात ते मकर, आणि वर मध्यभागी असते ते कीर्तिमुख. मकराला मगरीचा जबडा, बहुधा हत्तीची सोंड आणि मागे माशाचे किंवा वेलबुट्टीचे शेपूट. नर्मदामैयाचे वाहनही मकरच. तेव्हा चार प्राण्यांचे अवयव जोडून पाचवा उभा करण्याची कला आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. फरक इतकाच की शिल्पकाराला तो मकर पोहवून किंवा चालवून दाखवायचा नव्हता. आमच्या मुलांना मात्र 'खरा वाटेल असा' ड्रॅगन हवा आहे. म्हणून अट अशी ठरली की प्रत्येक अवयव कोणत्या तरी खऱ्या प्राण्याकडून घ्यायचा आणि तो बाकीच्या शरीराला मानवला पाहिजे.

आता पाय. बेडूक, सरडा, चिमणी, वटवाघूळ, गाय, माणूस, कोणीही घ्या. पाठीचा कणा असलेल्या आणि जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांचा मूळ सांगाडा चार अवयवांचा आहे. सापाने पाय टाकून दिले, पण पाचवा-सहावा कोणी वाढवला नाही. ज्यांना उडायचे होते त्यांनी पुढच्या दोन पायांचेच पंख केले. पक्ष्याने बोटे जुळवून त्यावर पिसे बसवली. वटवाघळाने बोटे लांबवून त्यांच्यामध्ये कातडे ताणले, छत्रीच्या काड्यांसारखे. आणि डायनासोरांच्या काळातल्या टेरोसॉर नावाच्या उडत्या सरीसृपांनी एकच बोट, आपल्या करंगळीशेजारचे, हातभर नव्हे तर कित्येक हात लांब करून त्यावर पंख उभारला. तीन वेगवेगळ्या घराण्यांनी तीन वेगळ्या रीतींनी पंख केले, पण पाय मोडूनच केले.

चित्रातल्या ड्रॅगनला चार पाय असून वर पंख निराळे. मी विचार केला, हे पंख बसवायचे कुठे? पंख म्हणजे नुसते पाते नव्हे. त्याला खांदा हवा, खांद्याला पाठीकडे आधार हवा, आणि पंख खाली ओढणारा स्नायू छातीच्या हाडाला बांधलेला हवा. कबुतराच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, या छातीच्या स्नायूंचा असतो. ड्रॅगनच्या छातीवर पुढच्या पायांच्या खांद्यांनी आधीच जागा अडवलेली आहे. एका अंडरफ्रेमवर दोन सेंटर पिव्हट एकाच ठिकाणी बसवा असे कोणी सांगितले, तर आमच्या शॉपमधला नवा पोरगाही हसेल.

चार पाय शाबूत ठेवून पंख मिळवलेला एक प्राणी मात्र आहे, आणि तो आपल्या पश्चिम घाटात आहे. गोवा, कर्नाटक, केरळ या भागांत सुपारीच्या बागांतून दिसणारा उडता सरडा. त्याचे शास्त्रीय नावच ड्रॅको, म्हणजे लॅटिनमध्ये ड्रॅगन! शेपूट सोडली तर वीतभरही नसतो, मुंग्या खाऊन राहतो. त्याने पाय वापरले नाहीत, बरगड्या वापरल्या. काही बरगड्या शरीराबाहेर लांब वाढल्या आणि त्यांवर कातडे ताणले गेले. झाडाला चिकटून बसला की पंखा मिटलेला, उडी घेतली की उघडलेला. कोकणाकडच्या मंडळींना विचारा, एका सुपारीवरून दुसरीवर जाताना वाळलेले पान तरंगत गेल्यासारखे वाटते.

पण हा सरडा पंख फडफडवू शकत नाही, फक्त तरंगत जातो. त्यातही गंमत पाहा. २०१७ साली एका जर्मन अभ्यासकाने कर्नाटकात आगुंबे येथे या सरड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हवेत असताना सरडा पुढचे दोन्ही पाय मागे वळवून पंखाची पुढची कड हाताने धरून ठेवतो, असे त्याला दिसले. म्हणजे बरगड्यांचे पंख असूनही सुकाणू शेवटी हातांकडेच!

तेव्हा मुलांनो, तुमच्या भांडणाचा निकाल असा. झाडावरून झाडावर तरंगणारा, विताएवढा ड्रॅगन हवा असेल तर पाय चार. पंख मारत वर चढणारा हवा असेल तर पाय दोन. दोन पायवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि इथे मी माझ्या घरच्या अंगणात आहे. कोणत्याही वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. पंख क्षेत्रफळावर चालतो, पोट वजनावर. म्हणून चिमणी भुर्रकन उडते, आणि माळढोक धावत जाऊन मोठ्या कष्टाने उठतो. सोलापूरजवळचे नान्नज ज्याच्यासाठी प्रसिद्ध झाले तो माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत जड असणाऱ्यांपैकी एक, नर पंधरा किलोच्या आसपास जातो. आजच्या निसर्गाची उडणाऱ्या वजनाची हद्द साधारण इथेच आहे.

पूर्वी ती फार पुढे होती. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात डग्लस लॉसन नावाच्या विद्यार्थ्याला एका प्रचंड टेरोसॉरच्या पंखाची हाडे सापडली. १९७५ मध्ये त्याचे नाव क्वेट्झलकोटलस ठेवले गेले. पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर, म्हणजे हा आपला मंडप आडवा भरून जाईल. वजन मात्र दोनशे ते अडीचशे किलोच धरतात. हाडे आतून पोकळ आणि भिंती पातळ. आमच्याकडेही भार वाहणारे बरेच काही नळीचे असते, भरीव नसते, आणि कारण तेच. हा उठत कसा असेल, यावर बरीच वर्षे वाद झाला. आता पुष्कळ अभ्यासक मानतात की तो पक्ष्यासारखा मागच्या पायांवर उडी मारत नसे, तर मिटलेल्या पंखांवर टेकून चारी पायांनी स्वतःला वर फेकत असे. पंखाचे दणकट स्नायूच उडीला वापरले की वेगळे जाड पाय बाळगायला नकोत. एकाच मोटरवर दोन कामे! हे वाचले तेव्हा खुर्चीतून उठून दाद द्यावीशी वाटली.

सिनेमातला ड्रॅगन केवढा असतो? रिकाम्या बॉक्स-एन वॅगनएवढा धरू. तिचे टेअर वेट साधारण साडेबावीस टन, म्हणजे अडीचशे किलोच्या नव्वदपट. त्याच प्रमाणात प्राणी मोठा केला तर लांबी साडेचारपट होईल, पंखाचे क्षेत्र वीसपट, आणि पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर येणारा भार साडेचारपट. हवेत टिकायला त्याला दुपटीहून जास्त वेग लागेल. डुमन्याची धावपट्टी त्याला द्यावी लागेल, आणि तरीही त्याची हाडे ते सोसतील याची हमी मी देणार नाही. आपल्या ड्रॅगनचे वजन अडीचशे किलोच्या आत ठेवले आहे. पाठीवर राजपुत्र बसवायचा आग्रह असेल तर राजपुत्र पहिलीतला निवडावा.

आगीबद्दल सर्वांत जास्त विचारणा आहे. तोंडातून ज्वाळा काढणारा एकही प्राणी आजवर सापडलेला नाही. गायीच्या पोटात जळणारा वायू तयार होतो हे खरे, पण तो पेटवायचा कोणी आणि पेटवल्यावर गायीचे काय? सर्वांत जवळ जातो तो बाँबार्डिअर नावाचा भुंगा. त्याच्या पोटाच्या टोकाशी दोन कप्पे असतात. एकात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थंडपणे साठवलेले. दुसरा जाड भिंतीचा, त्यात ही रसायने भडकवणारी विकरे. झडप उघडून पहिल्यातला माल दुसऱ्यात आला की तो उकळतो आणि शंभर अंशांच्या जवळपास तापलेला दाहक फवारा शत्रूवर सुटतो. तोही सलग नव्हे, सेकंदाला काही शे ठोक्यांनी, म्हणून कप्पा फार तापत नाही. खमरियाच्या फॅक्टरीतले मित्र इथे बसले आहेत. माल वेगळा, भडकवणारे वेगळे आणि मधे झडप, यातले शहाणपण त्यांना माझ्याहून जास्त कळेल. आपला ड्रॅगन आग ओकणार नाही, गरम फवारा मारेल. देखाव्यात मात्र साधे पाणी राहील. पहिल्या रांगेत महिला मंडळ असते, याचे भान आहे.

कातडे घोरपडीचे. तिचाच मोठा नातेवाईक इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन तीन मीटरपर्यंत वाढतो, आणि त्याच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले. तानाजीच्या घोरपडीची कथा आपण पोवाड्यात ऐकतो, आणि पूजेच्या सामानात 'हत्था जोडी' म्हणून जी सुकी मुळी विकली जाते ती पुष्कळदा मुळी नसून घोरपडीच्या नराचा अवयव असतो. कृपया घेऊ नका. पाप-पुण्य बाजूला ठेवले तरी तो कायद्याने गुन्हा आहे.

राहिली शेपटी, डोके आणि चिलखत. यासाठी मला कुठेही लांब जावे लागले नाही.

स्लीमनाबाद रोड स्टेशन आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या रोजच्या तोंडात आहे. ठगांचा बंदोबस्त करणारे ते स्लीमनसाहेब १८२८ मध्ये कॅप्टन होते. जबलपूरच्या छावणीजवळ, आज जिथे गन कॅरेज फॅक्टरीचा परिसर आहे त्याला लागून असलेल्या बडा सिमला पहाडीत त्यांना काही दगड झालेली हाडे मिळाली. ती इथले डॉक्टर स्पिल्सबरी यांच्यामार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता, तो १८४२ चा. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या शेपटीच्या मणक्यांवरून प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. भारतात सापडलेला हा पहिला डायनासोर, आणि तो आपल्या गावचा.

त्या मणक्याची घडण ऐका. पुढच्या बाजूला वाटी, मागच्या बाजूला गोळा. एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत. वॅगनच्या बोगीचा गोल पिव्हट ज्यांनी ग्रीस लावून बसवला आहे त्यांना चित्र काढून दाखवायची गरज नाही. भार सांभाळून सर्व बाजूंना वळायचे असेल तर याहून चांगला सांधा नाही. आपल्या ड्रॅगनची शेपटी अशीच केली आहे, लाकडी गोळ्या आणि नारळाच्या करवंट्या दोरीत ओवून. मोटर वायपरची आहे. (पुढे असाच सांधा अनेक प्राण्यांत दिसला, म्हणून नुसत्या त्यावरून वेगळे नाव टिकत नाही असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. स्लीमन यांचे मणके तर कित्येक वर्षे हरवल्यातच जमा होते. २०१२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात त्यांतला एक पुन्हा हाती लागला.)

डोके राजासॉरसचे. नर्मदेच्या नावाने राजासॉरस नर्मदेन्सिस म्हणून २००३ मध्ये जाहीर झालेला हा मांसाहारी डायनासोर, कपाळावर बुटके शिंग असलेला. मुख्य हाडे गुजरातेत रहियोलीला मिळाली.

आणि चिलखत! इथे मला थांबावे लागले. कारण जबलपूरने एक ड्रॅगन आधीच बनवून पाहिलेला आहे.

१९१७ पासून चार्ल्स मॅटली नावाच्या इंग्रज गृहस्थाने याच बडा सिमल्यात खोदकाम केले. हाडांची रासच लागली. त्यांत कमरेची हाडे होती, नडगी होती, आणि शेजारीच कातड्यात असणाऱ्या हाडांच्या खवल्यांचा ढीग होता. मॅटली यांनी सारे एकत्र मांडले आणि १९२३ मध्ये लॅमेटासॉरस इंडिकस या चिलखती डायनासोरची घोषणा केली. आपल्या लम्हेटा घाटावरून नाव मिळालेला, अंगभर ढाली घातलेला प्राणी. बारा वर्षे तो तसाच उभा राहिला. १९३५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे डी. के. चक्रवर्ती यांनी अमेरिकेतल्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते, लॅमेटासॉरस चिलखती आहे काय? त्यांनी दाखवून दिले की कमर आणि नडगी दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी प्राण्याची आहे, आणि खवले त्याचे नव्हेतच. ते बहुधा टायटॅनोसॉरच्या गटातल्या शाकाहारी प्राण्याचे असावेत, असे पुढे मानले जाऊ लागले. त्या गटातल्या काहींच्या कातड्यात तशी हाडे असतात हे नंतर इतर देशांत सिद्ध झाले. म्हणजे शिकाऱ्याच्या अंगावर शिकारीचे कातडे चढवले गेले होते.

मॅटली यांना मी दोष देत नाही. पुराने वाहून आणलेली अनेक प्राण्यांची हाडे एकाच थरात गोळा झाली की कोणाचे कोणते हे कसे ओळखायचे? यार्डात अपघातानंतर दहा वॅगनचे सुटे भाग एका ढिगात पडावेत तशी ती गत. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे उदाहरण पाहा. तिथे एकाच प्राण्याची पुष्कळशी हाडे एकत्र, काही तर जागच्या जागी जुळलेली मिळाली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आज तो आयसिसॉरस या नावाने जगभर ओळखला जातो. पुढे नाव बदलले, शरीर बदलावे लागले नाही.

याच्या उलटही घडले आहे. गुजरातेत ढोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये डायनासोरचे घरटे मिळाले, अंडी आणि बारीक हाडे. सारी हाडे पिल्लाची समजली गेली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी ती पाहिली आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. २०१० मध्ये जाहीर झाले की साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, पिल्लाशेजारी तसाच गाडला गेला होता. त्याचे नाव सनाजे. धनावर बसलेल्या नागाच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या. हा अंड्यांवर बसलेला. हे घरटे जसेच्या तसे दगडासकट उचलले नसते, कोणी चांगले चांगले तुकडे वेचून नेले असते, तर तो साप आजही कोणाला दिसला नसता.

म्हणून आता मोठ्यांसाठी एक गोष्ट. डायनासोरची अंडी आपल्याकडे पाटबाबा मंदिराजवळ मिळालेली आहेत, लम्हेटा घाटाकडेही. भेडाघाट-लम्हेटाघाट २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. पण पहाडीवर फिरायला जाणारी आपलीच मंडळी गोल दगड दिसला की शोकेससाठी घरी आणतात. शोकेसमधल्या अंड्याला शेजारी कोण होते ते विचारता येत नाही. घरटे एक होते की चार, जवळ साप होता की पिल्लू, हे त्या मातीतच राहते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. चक्रवर्तींना निदान मॅटलींची नोंद वाचायला मिळाली होती.

आपल्या ड्रॅगनला चिलखत दिलेले नाही. अडीचशे किलोत ते बसत नव्हते, आणि लॅमेटासॉरसनंतर माझी हिंमतही झाली नाही. एका चिरंजीवांनी हट्टाने दोन खवले चिकटवले आहेत, ते मी पाहिले नाहीत असे समजतो.

येत्या रविवारी सकाळी सहाला मुलांना घेऊन पहाडीकडे जाणार आहे, जिथपर्यंत जायला मुभा आहे तिथपर्यंत. पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल आणावी. छन्नी-हातोडी कोणी आणू नये. काही दिसले तर फोटो काढू, शेजारी पट्टी ठेवू, जागा वहीत लिहू, आणि दगड होता तिथेच राहील. ज्यांच्या शोकेसमध्ये आधीच काही आहे त्यांनी ते कुठून आणले तेवढे आठवून मला सांगावे, नाव विचारणार नाही.

आता प्रश्न विचारा. आधी मुलांनी.

गणपती बाप्पा मोरया!